बिनखिशाचं घर

टक्क.

शिलाई मशीनची सुई मोडली, आणि दुपारभर जपलेल्या शांततेचे तिच्याबरोबर दोन तुकडे झाले. सुनेने श्वास रोखला. आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं. तिने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. सातावर घोरणं परत सुरू झालं, पण आधीपेक्षा जरा जास्तच नीटनेटकं. लग्नाला आठ वर्षं झाली की सासूचं झोपेतलं घोरणं आणि कान टवकारून केलेलं घोरणं यांतला फरक सुनेला कळतोच. तरीही तिने दुसरी सुई चढवली. उद्या सकाळी शाळा सुरू होणार होती आणि भिंगरीच्या गणवेशाला खिसा नव्हता.

भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. एका जागी उभं राहिलेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून हे नाव. आत्ता ती कापड कापायच्या टेबलाखाली रिकाम्या रिळांची गाडी करून बसली होती आणि आईला दिलेल्या वचनाप्रमाणे तोंडावर बोट ठेवून होती. बोट अधूनमधून नाकात जात होतं, पण आवाज नव्हता.

या घरात कुणाच्याच कपड्यांना खिसे नव्हते. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. खिसा नाही म्हणून स्क्रू तोंडात धरायचे, आणि त्यामुळे कामावरचे सगळे त्यांना मितभाषी आणि फार विचारी माणूस समजायचे. लग्नाआधी पहिल्यांदा तिला भेटायला आले तेव्हा घराची किल्ली, बसचं तिकीट आणि तिच्यासाठी आणलेलं फूल अशा तिन्ही गोष्टी एकाच मुठीत होत्या. गडबडीत फुलाऐवजी तिकीटच तिच्या हातात दिलं. ते तिकीट तिने अजून जपून ठेवलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी तिचे सगळे कपडे मायेने मागून घेतले, आणि परत आले तेव्हा एकूण एक खिसा बारीक टाक्यांनी बंद झालेला होता. टाके इतके सुरेख, की भांडावं तरी कशावरून?

यातली गंमत अशी, की सासूबाई स्वतः शिवणकाम करायच्या आणि गावात त्यांचं नाव होतं ते खिशांसाठीच. चाळीस वर्षांत त्यांनी कोटांना आतले खिसे शिवले, डॉक्टरांच्या डगल्यांना तिरपे शिवले, एका जादूगाराला तर चोरखिसे शिवून दिले आणि ते कुठे आहेत हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. घरच्यांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं, आणि ते मान ताठ करून दिलेलं: आपल्या घराण्यात खिसे शिवत नाहीत, चांगल्या माणसाला लपवायला काही नसतं. मग आपल्याकडे येणारी अर्धी गिऱ्हाइकं काय लबाड आहेत का, असं सून एकदा विचारून बसली होती. तेव्हा सासूबाईंनी टेप गळ्यात टाकून तिच्याकडे असं पाहिलं होतं, की तो विषय सहा महिने निघाला नाही.

तो परत काढला पुतळ्याने. शाळेच्या वाटेवर एक बाग होती. तिथे पूर्वी बटणांचा कारखाना होता. कारखाना बंद पडला, पाडला, आणि राहिला तो मालकाचा पुतळा, एक पाय पुढे, एक हात कोटाच्या खिशात. सासूबाई त्या वाटेने कधी जात नसत, लांबचा वळसा घेत. पुतळ्यावरच्या कबुतरांची त्यांना किळस येत असेल, असं सून धरून चालली होती. शाळेत नाव घालायला मायलेकी गेल्या तेव्हा भिंगरी पुतळ्यासमोर त्याची नक्कल करू लागली. पाय पुढे टाकला, मान वर केली, आणि हात झग्यावरून सरकत सरकत गुडघ्यापर्यंत गेला. तिने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा आईकडे बघितलं.

त्यातच शाळेची चिठ्ठी आली: गणवेशाला उजवीकडे एक खिसा हवा, रुमालासाठी. सासूबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि असा गणवेश शिवला की त्याच्या चुण्या बघून बाईंनी वर्गाला सुट्टी द्यावी. फक्त खिसा नव्हता. रुमाल पिनेने छातीला लावावा, असं ठरवून टाकलं. मग दोन दिवस घरात वाद झाला, म्हणजे भांडी जरा जोरात ठेवली गेली आणि दारं जरा हळू लावली गेली. भिंगरीच्या बाबांना मत विचारलं, तर त्यांनी चटकन चार स्क्रू तोंडात टाकले. घरात लिफ्ट नसताना.

आता दुसऱ्या सुईने खिसा कसाबसा लागत आला होता, तोच पाठीमागून आवाज आला.

"हा खिसा आहे की गळू?"

सासूबाई उभ्या होत्या. चेहऱ्यावर झोपेचा मागमूस नव्हता. त्यांनी गणवेश उचलला, उजेडाकडे धरला, आणि जिभेने च् च् करत टाके उसवायला कात्री घेतली. इतर वेळी सून गप्प बसली असती. पण कात्रीने पहिला टाका तुटला आणि तिच्या आतलंही काहीतरी सुटलं.

"उद्या वर्गात सगळ्यांना खिसा असेल, आई. आपल्या घराण्याचा मान म्हणून माझी एकटी पोर वेगळी बसणार. कसला मान, ते एकदा मला सांगा. मग मीच तिची समजूत घालते."

कात्री थांबली. सासूबाई स्टुलावर बसल्या आणि सुनेकडे न बघता, मशीनच्या चाकाकडे बघत बोलू लागल्या.

त्यांची आई त्या बटणांच्या कारखान्यात होती. शिंपल्यांतून बटणं कापायची. कामगार बायकांच्या कपड्यांना खिसा चालत नसे. असला तर घरून शिवून बंद करून यायचा, आणि संध्याकाळी सुटताना फाटकावर हात वर करून उभं राहायचं. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या. आई डबा विसरली म्हणून द्यायला गेल्या. अंगात नवा झगा होता, आईनेच शिवलेला, आणि त्याला एक खिसा. परत निघताना फाटकावरच्या रखवालदाराने तो खिसा उलटा केला. आतून दुधाचा दात पडला. त्याच सकाळी पडलेला, आईला दाखवायला आणलेला. पांढरा, चकचकीत. रखवालदाराला वाटलं, भोकं पाडायची राहिलेलं बटण आहे. आईला कामावरून बोलावून आणलं. सगळ्यांसमोर आईने लेकीचं तोंड उघडलं आणि तो दात त्या खिंडीत बसवून दाखवला.

"सगळे हसले," सासूबाई म्हणाल्या. "रखवालदार हसला, बायका हसल्या. दात परत दिला. मारलं नाही, आईला कामावरून काढलं नाही. म्हटलं तर काहीच झालं नाही बघ." त्यांनी चाक उगाच अर्धं फिरवलं. "घरी आल्यावर आईने खिसा उसवला. मी का म्हणून विचारलं. तिला काय सांगायचं सुचेना, म्हणून तिने घराणं सांगितलं. मोठेपणी मला कळलं सगळं. पण तोवर ते घराणं अंगावर इतकं छान बसलं होतं, की उसवावंसं वाटेना."

सुनेच्या मनात आलं की जवळ घ्यावं. पण या घरात तशी सवय नव्हती. तिने सुई घेतली आणि न सांगता दोरा ओवून दिला. एरवी त्या कामासाठी सासूबाईंना तिला चारदा हाक मारावी लागायची.

सासूबाईंनी सुई निरखून पाहिली. मग उरलेले टाके सपासप उसवले आणि गळू जमिनीवर फेकून दिलं.

"त्याच रंगाचं कापड काढ. आणि पोरीला बोलाव, हाताचं माप हवं."

बोलवावं लागलं नाही. टेबलाखालून आधी रिळांची गाडी आली, मग भिंगरी. आजीने तिचा पंजा कापडावर ठेवून खडूने भोवती रेघ मारली. गुदगुल्या झाल्या म्हणून दोनदा पुसून परत मारावी लागली. खिसा केवढा खोल हवा, असं आजीने विचारलं. भिंगरीने कोपरापर्यंत दाखवलं. तेवढ्यात काय बिऱ्हाड ठेवणार आहेस का, म्हणून आजीने मनगटाच्या वर दोन बोटांवर सौदा केला. सुनेने जरा धीर करून विचारलं, भिंगरीच्या बाबांनाही एक शिवायचा का?

"त्याला नको," सासूबाई म्हणाल्या. "तोंड रिकामं झालं तर बोलायला लागेल."

सून हसली, तसं सासूबाईंच्याही गालाला वळी पडली. त्यांनी चार टाचण्या ओठांत धरल्या आणि मशीन सुरू झालं. खिसा कसा लागतो हे सून पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती. कापड जणू आपणहून वळत होतं. शिवण खिशाच्या कोपऱ्यावर आली तेव्हा तो उसवू नये म्हणून सासूबाईंनी तिथे तीनदा मागेपुढे टाके घातले. गिऱ्हाइकांना त्या दोनदाच घालायच्या.

भिंगरीने गणवेश अंगात चढवला. पाय पुढे टाकला, मान वर केली. हात खिशात गेला आणि आत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती एका जागी उभी राहिली. आतल्या आत बोटं हलत होती, कापडावर डोंगर उठत होते. मग डोंगर थांबले आणि तिने आईकडे पाहिलं.

"आई, त्या पुतळ्याच्या माणसाचा हात खिशात आहे ना," तिने विचारलं, "त्याचा खिसा कुणी उलटा करून बघितला होता?"