तिकिटावर नसलेला कठडा

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या वहीत जुन्या सोव्हिएत देशाची टपाल तिकिटे असतील, तर त्यातले चार कोपेकचे निळे तिकीट काढून पाहा. मागे समुद्र, वर उडणारे पक्षी आणि मधोमध मान खाली घातलेले एक लोखंडी धूड. ते धूड म्हणजे मी. पक्षी चित्रकाराने पदरचे घातले. आमच्याकडच्या वाऱ्यात कावळासुद्धा सरळ उडत नाही.

मी एक जुना तेलपंप आहे. बाकू शहराबाहेर, खारट तळ्याकाठच्या टेकाडावर माझा मुक्काम. मोडीत काढलेल्या जहाजांचे लोखंड वितळवून मला घडवले. पुढे घोड्यासारखे लांब डोके, मागे दोन अवजड वजने. वजने गरगर फिरतात, डोके खाली-वर होते आणि जमिनीच्या पोटातले तेल वर येते. सारखी मान हलवतो म्हणून कामगारांनी माझे नाव होयबा ठेवले होते. नाव मनाला लागले, पण ते काढून टाकणे माझ्या हातात नव्हते.

माझी देखभाल मिर्झाबाला उस्ता करायचा; उस्ता म्हणजे आमच्याकडे हातात कसब असलेला कारागीर. साखरेचा खडा गालात धरून चहा प्यायचा, मग माझ्या सांध्यांना वंगण घालायचा. एका हिवाळ्यात वाऱ्यापासून आडोसा म्हणून एक मेंढी माझ्या मागे येऊन बसली आणि फिरत्या वजनाखाली चिरडली गेली. बाकीच्यांनी ती भाजून खाल्ली. होयबाने मेजवानी दिली म्हणून हसलेही. उस्ताने घास घेतला नाही. त्याने जुन्या नळ्या जोडून वजनांभोवती कठडा उभा केला आणि त्याला लाल रंग दिला. त्या कामाबद्दल त्याचा फोटो फाटकावरच्या मानाच्या फळीवर लागला. त्याची बायको तुकेझबान येता-जाता डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्या फोटोची काच पुसायची. आजवर त्या घरातल्या कोणाचाही फोटो कुठे लागला नव्हता.

मग एक दिवस तिकिटासाठी माझे चित्र काढायला चित्रकार आला. सोबत आमच्या तेलक्षेत्राचे प्रमुख नुसरतसाहेब होते.

"हे लाल काय आहे मध्येच?" चित्रकार म्हणाला. "याचं पोटच झाकलं जातंय."

"काढा ते," साहेब म्हणाले.

"साहेब, मेंढ्या येतात इथं," उस्ता म्हणाला.

"तिकिटावर मेंढी छापायची नाहीये, उस्ता."

"माणसंही येतात."

"मग माणसांनी डोळे उघडे ठेवावेत. उद्या लाव परत, कोण नको म्हणतंय?"

उस्ताने स्वतःच्या हाताने तो कठडा कापला. खरे सांगतो, मला घट्ट बटण सुटल्यासारखे मोकळे वाटले. चित्रकाराने मला फार देखणा म्हटले. संध्याकाळी तुकेझबानने हरमलाच्या बिया निखाऱ्यावर टाकून माझी नजर काढली. नवऱ्याची काढायची राहून गेली.

तो उद्या काही उगवला नाही. तिकीट निघाले आणि मला बघायला पाहुण्यांची रीघ लागली. पाहुणे हातात तिकीट धरत, एक डोळा मिटत आणि मला त्याच्याशी ताडून बघत. उस्ताने पुन्हा विषय काढला, तेव्हा नुसरतसाहेब चिडले.

"तिकिटावर आहे का कठडा? लोक लांबून येतात, सारखेपणा बघतात. सरकारी चित्रापेक्षा तू शहाणा झालास का?"

"साहेब, चित्र फिरत नाही. हा फिरतो," उस्ता म्हणाला. साहेबांनी ऐकले नाही.

आणि त्या लाल नळ्या? त्या साहेबांच्या अंगणात द्राक्षाच्या वेलांचा मांडव झाल्या. माझे डोके वर गेले की मला ती बाग दिसायची. उन्हाळ्यापर्यंत वेल असे माजले की लाल रंग पानांच्या फटींतूनच काय तो डोकावायचा.

एकदा पाहुण्यांना माझ्यासमोर फोटो काढायचा होता. सगळे ओळीत उभे राहिले आणि नेमकी एक मेंढी माझ्या मागच्या सावलीत शिरली.

"उस्ता, ती मेंढी हाकल आधी. फोटोत येतेय," साहेब म्हणाले.

"याला जरा थांबवतो, मग हाकलतो."

"थांबलेला पंप फोटोत काय शोभतो? जा लवकर, लोक ताटकळलेत."

उस्ता आत शिरला. मेंढीला ढकलताना त्याचा जाड डगला फिरत्या दांड्यात अडकला. मित्रांनो, मी स्वतःहून थांबू शकत नाही. वजन खाली आले ते उस्ताला घेऊनच. मेंढी उड्या मारत पळून गेली. मी त्यानंतरही बराच वेळ मान हलवत राहिलो, कारण मला थांबवायच्या कळीशी नेहमी उभा असणारा माणूसच खाली पडला होता.

चौकशीला तीन अधिकारी आले. चूक उस्ताची ठरली तर फळीवरचा त्याचा फोटो उतरणार होता. निष्काळजी माणसाला तिथे जागा नसते. तुकेझबानला दुसरे काहीच नको होते. ती एवढेच म्हणत होती की माझा माणूस निष्काळजी नव्हता, त्याने कठडा बांधला होता.

"कुठला कठडा?" नुसरतसाहेबांनी खिशातून तिकीट काढले. "हे बघा, छापील आहे. कधी नव्हताच."

"होता, साहेब. तुम्ही काढायला लावलात."

"असं? मग या होयबालाच विचारू. काय रे, होता का कठडा?"

तोवर मला पुन्हा चालू केले होते. मी मान हलवली. पुन्हा हलवली. जीव तोडून हलवली.

"बघा, हो म्हणतोय," तुकेझबान म्हणाली.

"हा सगळ्यालाच हो म्हणतो, वहिनी," साहेब म्हणाले आणि अधिकारी खो-खो हसले. लोखंडाला लाज वाटत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मग मंडळी साहेबांच्या मांडवाखाली चहाला बसली. तुकेझबान कुंपणापाशी उभी होती.

"साहेब, डोक्यावर बघा. पानं बाजूला करून बघा," ती म्हणाली.

एका अधिकाऱ्याने वर हात घातला, पाने बाजूला केली आणि द्राक्षाचा घोस तोडला. "गोड आहेत," तो म्हणाला.

फोटो उतरला. फळीवर खिळा तेवढा राहिला. उस्ता गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी नुसरतसाहेब तुकेझबानच्या दारी आले ते एक चौकट घेऊन. चौकटीत माझे तिकीट होते. "आठवण म्हणून ठेवा, वहिनी," म्हणाले आणि पोटभर हलवा खाऊन गेले. मेल्या माणसाच्या नावाने केलेला हलवा दारी आलेल्याला नाकारता येत नाही, म्हणून तिने वाढला.

पुढच्या वर्षी साहेबांनी सणासाठी पोसलेला एडका सुटला आणि माझ्या वजनाखाली मेला. दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती नवा कोरा कठडा उभा राहिला. तिकिटाशी ताडून बघायची आठवण तेव्हा कोणालाच झाली नाही.

तुकेझबान मात्र टपाल कचेरीत जाऊन ती निळी तिकिटे विकत घेऊ लागली. प्रत्येक तिकिटावर माझ्या वजनांभोवती लाल पेन्सिलीने कठडा काढायची आणि ते चिकटवून गंजा गावच्या बहिणीला पत्र धाडायची. कारकुनाने पाकीट परत सरकवले.

"तिकीट खराब केलंस, बाई. चालायचं नाही."

"खराब नाही केलं. पुरं केलं," ती म्हणाली.

पुष्कळ पत्रे परत आली. परत आलेले पाकीट घेऊन ती माझ्याजवळ येऊन बसायची, मला सगळे सांगायची आणि दुसऱ्या दिवशी नवे तिकीट रंगवायची. एखादे पत्र नजर चुकवून पुढे जायचे. मरेपर्यंत तिने हेच केले. उस्ताचा फोटो फळीवर परत लागला नाही. आता माझ्याखालची तेलाची विहीर आटली आहे, मला कायमचे थांबवले आहे, आणि त्या खिळ्यावर पहारेकरी आपली टोपी टांगतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या वहीतले ते निळे तिकीट एकदा उजेडात धरा. त्यावर लाल रेघा दिसल्या तर खराब म्हणून फेकू नका, जपून ठेवा. माझ्या सगळ्या चित्रांत खरे तेवढेच आहे. आणि इथे कठडा होता का, असे कोणी विचारले तर माझ्यासारखी नुसती मान हलवू नका. तुम्हाला तोंड आहे, तोंडाने सांगा.