माप झालेलं डोकं

सिरोंच्याच्या पलीकडे, प्राणहितेच्या खोऱ्यात, मी अकरा उन्हाळे लाल माती उकरली. इतर प्राध्यापक सुट्टीत सासुरवाडीला जायचे, मी कुदळ घेऊन चोवीस कोटी वर्षं मागं जायचो. आमच्या लिंगायत घरात दुकान सोडून दगडांच्या नादी लागलेला मी पहिलाच. वडील म्हणायचे, "गुरुपादप्पा, दगड विकायला तरी बस."

अकराव्या उन्हाळ्यात डोकं सापडलं. एका सरपटणाऱ्या प्राण्याचं, तळहाताएवढं. डोळ्याच्या खाचेपुढं एक अर्धवट उघडलेलं भोक. मगरी, डायनासोर, पाखरं ही सगळी ज्या घराण्यातली, त्या घराण्याची ती अगदी सुरुवातीची खूण. माझ्या निबंधावर परदेशातून उत्तर आलं : आधी नमुना साफ करून दाखवा, मग बोलू. त्या डोक्यावाचून माझी अकरा वर्षं म्हणजे नुसत्या गप्पा होत्या.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. पेढे मीही वाटले. एका नव्या कचेरीला जागा हवी म्हणून कॉलेजातली माझी खोली मागितली, तर मी शहाणा, किल्ली स्वतः नेऊन दिली. हाडं बसलेले दगड फुटू नयेत म्हणून आम्ही ते प्लॅस्टरमध्ये गुंडाळतो. तसे माझे नऊ पांढरे गठ्ठे कॉलेजच्या अंगणात लिंबाखाली गेले.

पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळ. कचेरीच्या रस्त्यावर रोजगार हमीची खडी फोडणं सुरू झालं. तिथली रीत अशी, की ढिगाचं माप झालं की वर चुना मारायचा, म्हणजे तोच ढीग कुणी दोनदा दाखवत नाही. पांढरं झालं की सरकारजमा. मी दोन दिवस नांदेडला भाचीच्या लग्नाला गेलो. परतलो तर अंगण साफ.

मुकादम शेषेराव म्हणाला, "पांढरं दिसलं सर. म्हंजी माप झालेलं. उचललं."

"अहो, चारी बाजूंनी चुना कोण लावतं?"

"म्हनलं, नव्या जिल्ह्याचं काम लई चोख हाय."

आठ गठ्ठे खडीच्या ढिगात न फुटलेले सापडले. डोकं नवव्यात होतं. ते, मोठं दिसलं म्हणून पुन्हा फोडायला, आलं होतं मजूर विठाबाईच्या हातोड्याखाली.

"घाव घातला आन् वरचं पांढरं निखळलं," ती सांगू लागली. "आत दात दिसले. लेकराचं डोकं वाटलं सर. उन्हात कसं टाकावं? हितंच रस्त्याच्या मुरमात पुरलं, कुंकू वाहिलं. हाय तसंच हाय. काढू का आत्ताच? कुदळ हाय."

आणि मी नको म्हणालो. शिकलेला ना! रस्ता सरकारी, लेखी परवानगी हवी. उद्या कुणी विचारलं, नमुना कुठून आणि कसा काढला, तर हातात कागद नको?

विठाबाईनं कुदळ माझ्यापुढं धरली. "आवं, तुमचंच हाय की."

मी अर्ज केला. नव्या जिल्ह्यानं कळवलं, रस्ता जुन्या जिल्ह्यात मंजूर झालेला, तिकडं विचारा. जुन्यानं कळवलं, तो भाग आता आमचा नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय! तोवर वर खडी पसरली, रोलर फिरला. रोलरपुढं आडवं पडायला हवं होतं. मी स्मरणपत्र लिहीत बसलो. अक्षरही चांगलं काढलं होतं. आजही त्या माणसाची, म्हणजे माझी, मला शिसारी येते.

मग डांबर पडलं. निबंध परत आला, नमुना उपलब्ध नसल्याने विचार करता येत नाही म्हणून.

दिवाळीनंतर परवानगी आली. गोल शिक्का, झोकदार सही. सदर ठिकाणी खोदकाम करण्यास हरकत नाही. अट एकच : रस्त्यास कोणतीही इजा होता कामा नये.