नियम रद्द झाला तेव्हा

"गुणाक्का, माग थांबवा जरा!" मारुतीराव वकील दारातूनच ओरडले.

गुणाबाईनं धोटा हातातच धरला. तिचा नवरा भरमू बेचाळीसच्या चळवळीत पकडला गेला, तेव्हापासून शहापूरच्या विणकर आळीतल्या घरात मागावर तीच बसत होती. भरमूवर ना खटला, ना शिक्षा. लढाईच्या दिवसांतल्या एका नियमाखाली त्याला नुसता डांबून ठेवला होता.

"दिल्लीच्या कोर्टानं तो नियमच रद्द ठरवलाय," मारुतीराव धापा टाकत म्हणाले. "मूळ कायद्यानं दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जाऊन सरकारनं तो केला होता."

"म्हंजे सरकारच चुकलं? आनि त्येला चुकलास म्हननारं कोन?"

"कोर्ट. कायदा तपासून बघायचा हक्क कोर्टाला आहे."

"लई बरं झालं की," म्हणत ती मागाच्या खड्ड्यातून वर आली. अर्धं लुगडं तसंच मागावर राहिलं. तिनं अंगण सारवलं, भरमूचं अंथरूण उन्हात घातलं आणि आळीभर सांगत सुटली.

आठवडाही उलटला नाही, तोच सुटकेचा अर्ज घेऊन तुरुंगाच्या कचेरीत गेलेले मारुतीराव खाली मान घालून बाहेर आले. गुणाबाई फाटकाशीच उभी होती.

"लाटसाहेबांनी वटहुकूम काढलाय, गुणाक्का. नियम पहिल्यापासून बरोबरच होता, असं समजायचं."

"कोर्टाला न इचारता?"

वकिलांनी भेटीची चिठ्ठी तिच्या हातात ठेवली.

भेट तेवढी मिळाली. सगळं ऐकून जाळीपलीकडे भरमू हसला. "म्हंजे मदल्या दिसांत मी बिननियमाचाच बसलोतो व्हय!" मग त्याचं लक्ष तिच्या हातावरच्या घट्ट्यांकडे गेलं. "माग तू चालीवतीस?"

"मग काय शेजारीन चालीवनार?"

"काठ सरळ येतोय का गं?"

"तुमच्यापरास सरळ."

वेळ संपेपर्यंत तो तिच्या हातांकडेच बघत राहिला.

बाहेर आल्यावर मारुतीराव पुटपुटले, "मी उगीच आशा लावली तुम्हाला."

"उगीच कशी? कोर्ट म्हटलं त्ये काय खोटं हुतं? तुमी परत अर्ज घाला."

लिंबाखाली सदलग्याहून आलेली एक म्हातारी बसली होती. तिचाही मुलगा आत होता. लोक कसली चर्चा करताहेत, ते तिला कळत नव्हतं. तिला कन्नडच तेवढं येत होतं. शहापुरात दोन्ही भाषा चालायच्या. गुणाबाई तिच्याजवळ टेकली आणि दिल्लीच्या कोर्टानं काय ठरवलं ते कन्नडमध्ये सावकाश सांगू लागली. ऐकून झाल्यावर म्हातारीनं तिचा हात धरला, आणखी एकदा सांग म्हणाली.

गुणाबाईनं पहिल्यापासून सांगितलं.