तिसरा कौल

मृणालीला चिपळूणच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि घरात आग लागली. बाप गंगाराम गावचा मानकरी. त्याचा हिशेब तोंडपाठ होता.

"चार वरसा शिकनार, मग पंचवीस हजार पगार. तवर तुजं लगीन. म्हंजे फी माजी नि पगार सासरच्यांचा! सा म्हयन्यांचा पेशंट सांभाळायचा कोर्स कर गो. धा हजार, पन माज्या हातात."

"देवाला कौल लावू बाबा," मृणालीच म्हणाली. "देव सांगेल ते मान्य."

पोर हुशार, पण इथेच चुकली. कौल देव देतो खरा, पण पुन्हा लावायचा की नाही, हे मानकरी ठरवतो.

विठू गुरवाने ग्रामदेवतेच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर नर्सिंग, डावी पडली तर सहा महिन्यांचा कोर्स. उजवी पडली. मृणालीचे डोळे भरून आले.

"फूल वल्लं व्हतं," गंगाराम म्हणाला. "परत लाव."

पुन्हा उजवी. "देवाला गाऱ्हाणं नीट घातलंस नाय. परत!"

तिसऱ्यांदा डावी पडली. गंगारामने लगेच नारळ फोडला. विठूने मृणालीकडे पाहिलंसुद्धा नाही.

लग्न काही झालं नाही. दरमहा घरी पैसे आणणारी पोर कोण दुसऱ्याच्या घरी देतो? आठ वर्षं ती रत्नागिरीत परक्यांची अंथरुणं धूत राहिली, आणि बापाचा तिला मनापासून राग येत राहिला.

मग गंगाराम आंब्यावरून पडला. कंबर मोडली, हॉस्पिटलात ठेवला. एके दुपारी त्याच्या सलाईनचा हात सुजलेला दिसला म्हणून मृणाली पुढे झाली.

"तू हात लावू नको! शिकलेल्या शिस्टरला बोलव."

सिस्टर आली, मृणालीच्याच वयाची. तिने सुई काढून दुसऱ्या हाताला लावली. गंगाराम कौतुकाने बघत राहिला.

"किती शिकलात?"

"चार वर्षं, आजोबा."

"नि पगार?"

"तीस हजार."

सिस्टर गेल्यावर तो मृणालीकडे वळला. "बगलंस? लोकांच्या पोरी बघ!"

मृणालीने पलंगाखालचं भांडं धुऊन आणलं.

घटकाभराने तो कण्हायला लागला. "पाठ जळते गो. उजव्या कुशीवर वळव."

"थांबा बाबा," ती स्टूल ओढून बसली. "देवाला कौल लावते. तीनदा लावावा लागेल."