निघालेली चिठ्ठी

१९३१ साली मी भाट्याच्या खाडीकाठच्या गावांतून पोरांना देवी टोचत फिरत असे. टोचलं की वहीत नाव लिहायचं. त्या वर्षी दोनशे बारा नावं झाली. त्यांतलं एकच खोटं होतं, आणि ते माझ्याच लवूचं. दोन मुलं गेल्यावर राहिलेला तो. त्याचा दंड धरला की मी नश्तर पुन्हा पेटीत ठेवून द्यायचो. शेवटी नाव लिहून टाकलं आणि गप्प बसलो.

मग आला नवा तपासनीस. म्हणाला, "भिकाजी, सगळी घरं कोण बघणार? सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या करू, दहा काढू. दहाही दंडांवर वण दिसले तर वही खरी. एक जरी खोटं निघालं, तर नोकरी गेली म्हणून समजा."

साहेबाने आपल्या हॅटमध्येच चिठ्ठ्या घातल्या. दहांत लवू नव्हता. मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

दोन दिवसांत नऊ पोरं पाहून झाली. दहावी मुलगी जनी नावाच्या बाईची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून मी शहाण्याने पत्ता माहेरचाच लिहिलेला. आम्ही पोचलो, तर मायलेकी हातखंब्याला सासरी गेलेल्या.

"जाऊ द्या," साहेब म्हणाला, "हिच्याऐवजी दुसरी चिठ्ठी काढू."

हॅटमध्ये लवू होता!

"छे छे, साहेब! निघालेली चिठ्ठी सोडायची नाही. पाच कोस तर जायचंय."

तरीच्या होडीतून खाडी ओलांडली आणि उन्हातून चालत सुटलो. वाटभर साहेब माझ्या सचोटीचं कौतुक करत होता. मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा नुसते पाय दुखत होते.

जनीने पोरीची बाही वर केली. वण ठसठशीत. साहेबाने शेरा लिहायला पेन्सिल काढली.

जनी हसून म्हणाली, "मी नायच म्हणत होते. पन हे भिकाजीदादा म्हणाले, माझ्या लवूला पयला टोचलाय. मग मी पोर पुढं केली. लवू बरा हाय ना?"

माझ्या थापेवर विसंबून हिने पोटची पोर माझ्या हाती दिली होती.

"साहेब, लवूला टोचलेलं नाही."

पेन्सिल थांबली. "पण त्याची चिठ्ठी कुठे निघाली?"

"निघाली, साहेब. आत्ता हिने काढली."

साहेबाने वही मिटली. "नश्तर आणि लस आहे ना बरोबर? शेरा तुमच्या घरी लिहीन."

परतीचे पाच कोस मीच पुढे होतो.