माझ्यावरचा ठिपका पुसू नका

मित्रांनो, मी एक जुनं पोस्टकार्ड आहे. माझे कोपरे झिजले आहेत, पाठीवर स्टुलाच्या पायाचा गोल ठसा आहे आणि पोटावर एक चित्र आहे. चित्रात झाड नाही, घर नाही, माणूस तर नाहीच नाही. वर पिवळाधमक रंग, खाली निळ्याचे तीन आडवे पट्टे, आणि पिवळ्याच्या उजव्या कोपऱ्याशी मसुराच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका. तो ठिपका नीट बघून ठेवा. माझ्या आयुष्यात जे काही घडलं, ते त्याच्यामुळेच.

माझा जन्म छापखान्यातला. मूळ चित्र कलासंग्रहालयाच्या भिंतीवर होतं. आमच्याकडे आला तो त्याचा फोटो. मशीन चालवायचे भिंगकाका. त्यांच्या गळ्यात कायम दोरीने भिंग लटकलेलं असायचं, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. छपाईत केसाएवढी रेघ आली तरी त्यांना घास गोड लागत नसे. त्यांची लेक संग्रहालयाच्या दुकानात नुकतीच कामाला लागली होती. प्रदर्शनासाठी त्या चित्राची पोस्टकार्डं काढायची ठरली, तेव्हा तिने पुढे होऊन मोठ्या साहेबांना सांगितलं, "माझ्या बाबांकडे द्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

घरी मात्र ती बाबांच्या मागे लागायची, "बाबा, एकदा येऊन चित्र तर बघा."

"रंग सांडलेला बघायला तिकडे कशाला येऊ? इथे मी रोज सांडतो," काका म्हणायचे.

मी मशीनमधून बाहेर पडलो, तेव्हा अजून ओला होतो. काकांनी मला उचललं, भिंग लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "धूळ!" असं म्हणून त्यांनी माझ्यावर फुंकर मारली. ठिपका हलला नाही. त्यांनी मशीन थांबवलं, प्लेट पुसली, पुन्हा छापून बघितलं. ठिपका हजर. तीनदा पुसली, तीनदा तो हजर. मग काकांनी ठरवलं की फोटो काढतानाच कचरा बसला असणार. त्यांनी मोठ्या कौशल्याने प्लेटवरची ती जागा बुजवली आणि तीनशे कार्डं छापली. सगळी अगदी स्वच्छ, एकावरही ठिपका नाही.

आम्ही सुरुवातीचे पाचजण वाया गेलो. चौघांच्या पाठीवर हिशोबाचे आकडे लिहून त्यांना संपवलं, आणि मला डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. पोस्टकार्ड म्हणून जन्माला यायचं आणि जागचं हलायचंसुद्धा नाही! काका बसले की माझ्या पाठीत कळ यायची.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लेकीने कार्डांचे गठ्ठे सोडले आणि लगेच छापखान्यात फोन केला.

"बाबा, ठिपका कुठे गेला?"

"काढला!" काका फुशारकीने म्हणाले. "कसला चिवट होता म्हणून सांगू!"



"बाबा, तो चित्रातला आहे हो," लेक रडवेल्या आवाजात म्हणाली. "चार वाजता चित्रकारबाई येणार. त्यांच्याच हातून ही कार्डं पाहुण्यांना द्यायची आहेत. मी सगळ्यांना तुमचं नाव सांगून बसले आहे. आता काय तोंड दाखवू?"

काकांनी स्टूल उलटं केलं, मला ओढून काढलं, शर्टाच्या खिशात कोंबलं आणि संग्रहालयाची वाट धरली. वाटेत ते इतके भराभर चालत होते की मलाच धक्के बसत होते.

चित्रासमोर ते पहिल्यांदाच उभे राहिले. चित्र दारापेक्षा मोठं होतं. काकांनी भिंग लावलं. तो पांढरा ठिपका जाड रंगाचा होता, किंचित वर आलेला, आणि त्यात ब्रशचा एक केसही अडकलेला होता. काकांनी भिंग खाली घेतलं. मग ते चार पावलं मागे गेले आणि एक डोळा मिटून, समोर धरलेल्या बोटाने ठिपका झाकून बघितला. पुन्हा बोट काढलं. असं त्यांनी पुष्कळ वेळा केलं.

"बोटाखाली काय शोधताय?" मागून कुणीतरी विचारलं. चित्रकारबाई वेळेआधीच आल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी लेक उभी होती.

काकांनी मला खिशातून काढून पुढे धरलं. "बाई, चूक माझी आहे, पोरीची नाही. तुमचा ठिपका मला कचरा वाटला. तीनदा पुसला, फुंकरही मारली. गेला नाही, तेव्हा बुजवून टाकला."

लेकीने डोळे मिटून घेतले. बाई मात्र आधी गालातल्या गालात आणि मग खो खो हसायला लागल्या.

"अहो, सात महिने हे चित्र अडलं होतं," त्या म्हणाल्या. "काहीतरी राहिलंय, पण काय ते कळेना. शेवटच्या दिवशी तो ठिपका दिला आणि सुटले! तुम्ही मला पुन्हा तिथेच नेऊन ठेवलंत. आणा ती कार्डं."

बाईंच्या पिशवीत पांढरा रंग होता. काकांनी पेनाचं टोपण रंगात बुडवून एका कार्डावर टेकवलं. बरोबर मसुराएवढा ठिपका उमटला. मग काय विचारता! तिघं ठिपके देत सुटली. कार्डं वाळवायला टेबल पुरलं नाही, खिडक्या पुरल्या नाहीत, शेवटी जिन्याच्या पायऱ्या भरल्या. पाहुणे आले ते पाय जपून ठेवत वर चढले आणि बाह्या सरसावून त्यांनीही टोपणं हातात घेतली. कुणाचा ठिपका वर गेला, कुणाचा खाली. तीनशेतली दोन कार्डंसुद्धा एकसारखी नव्हती, आणि लोक निवडून निवडून नेत होते.

"बाबांच्या नजरेतून खरंच काही सुटत नाही," लेक म्हणाली, आणि काका लाजले.

मग बाईंनी माझ्या पाठीवर लिहिलं, "ठिपका पोचला. आभार." खाली काकांचा पत्ता लिहून तिकीट लावलं.

"अहो, मी समोर उभा आहे की!" काका म्हणाले.

"असाल. पण पोस्टकार्ड आहे ते. त्याला प्रवास नको?"

मित्रांनो, त्या दिवशी मी पत्रपेटीत पडलो, अंगावर शिक्का घेतला आणि तीन दिवसांनी छापखान्यात परत पोचलो. माझ्या जन्माचं सार्थक झालं. तेव्हापासून मी मशीनशेजारच्या भिंतीवर आहे. स्टुलाखाली आता लाकडाची चकती आहे.

कामाला नवीन येणारा प्रत्येकजण फडकं घेऊन माझ्याकडे वळतो आणि काका ओरडतात, "राहू दे, आधी विचार!" तुम्हालाही माझं तेवढंच मागणं आहे. धूळ वाटली तर खुशाल फुंकर मारा. उडाली तर ती धूळ. नाही उडाली, तर तो मी आहे.