कूलर आणि काटा

चंद्रपुरात मे महिन्यात पाहुणा आला, की आधी कूलर त्याच्याकडे वळवतात, मग पाणी विचारतात. एमएस्सीची प्रॅक्टिकल घ्यायला नागपूरहून देशकर सर आले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या वामनरावांनीही तेच केलं. त्यात त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं! पण कूलर आणि सर यांच्या मधोमध, टेबलावर, परीक्षा देणाऱ्या शिरीनच्या ऑप्टिकल फायबरचं, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेचं, वेटोळं होतं.

लेझरचा प्रकाश एका ठरावीक दिशेत थरथरत फायबरमध्ये शिरतो. दुसऱ्या टोकाला तो कोणत्या दिशेत थरथरत निघतो, ते खास काच फिरवून मीटरवर बघायचं, एवढाच तिचा प्रयोग. ती दिशा एकदा ठरली की हलत नाही, असं तिने रिपोर्टात ठासून लिहिलं होतं. पास झाली तर वरोऱ्याच्या कॉलेजात जूनपासून नोकरी पक्की. नापास झाली तर ती जागा दुसऱ्या कुणाची.

आणि आज मीटरचा काटा ठरायलाच तयार नव्हता. काचेला कुणी हात लावत नव्हतं, तरी तो वर जाई, खाली येई. शिरीनने लेझर, भिंगं, वायरी पुन्हा पुन्हा तपासल्या. देशकर सर नुसते बघत होते. तेवढ्यात तिची ओढणी फडफडली आणि तिची ट्यूब पेटली.

"वामनभाऊ, कूलर बंद करा."

"सर घामानं भिजतीन न बाई! बंद काऊन करू?"

"करा ना भाऊ!"

कूलर थांबला. हळूहळू काटाही थांबला. सरांच्या कपाळावरून घाम ओघळू लागला.

"झाला स्थिर," सर म्हणाले. "म्हणजे रिपोर्ट बरोबर?"

हो म्हटलं असतं, तर शिरीन सुटली असती. काटाही तिच्याच बाजूने होता.

"नाही सर, चूक आहे. मी थंडीत मोजलं, तेव्हा कूलर माळ्यावर होते. वारा लागला, हादरा बसला, की फायबरवर ताण येतो आणि दिशा फिरते." तिने वेटोळ्यावर तळहात दाबला. काटा घसरला.

सरांनी रुमालाने मान पुसली.

"हे मला आल्याबरोबर दिसलं होतं. तुम्ही सांगता का, तेवढंच बघत होतो. हो म्हणाला असतात, तर नापास केलं असतं."

शिरीनने वेटोळ्यावरचा हात काढला. "वामनभाऊ, लावा आता कूलर," ती म्हणाली.